आर्थ्रायटिसचा तास

वाघमारे सर. त्यांचं नाव आधी लिहितो, कारण जिथे ते घ्यायला हवं होतं तिथे मी घेतलं नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

तालुक्याच्या गावी सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. दहावीनंतर बाबा मला आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसवणार होते. सर रोज संध्याकाळी आपली धडधाकट सायकल घेऊन दुकानात यायचे आणि बाबा कॉलेजला हो म्हणेपर्यंत येत राहिले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी असा झालो.

लांबलचक इंग्रजी शब्दांना मी घाबरायचो. सर म्हणायचे, आधी शेपूट धर. ‘लॉजी’ दिसलं की ग्रीकांचा लोगोस — बोलणं, विचार. पण त्यांचं आवडतं शेपूट होतं ‘आयटिस’. मुळात त्याचा अर्थ नुसता ‘अमक्याचा’, ‘तमक्याचा’. ग्रीक लोक ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणत, म्हणजे सांध्यांचा आजार. पुढे ‘आजार’ हा शब्दच गळून गेला, आणि शेपूट एकटंच आजाराचा अर्थ सांगू लागलं. दाह, सूज हा नेमका अर्थ डॉक्टरांनी त्याला नंतर दिला.

आता मी मीरा रोडला, शांती नगरात, नर्सिंगच्या मुलींचा क्लास घेतो. हाच तास माझा सगळ्यात गाजलेला. सुरुवातीला कुणीतरी विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हणालो, स्वतःच शोधून काढलं. तालुक्याच्या शाळेचं नाव घेतलं असतं तर कोण आलं असतं? — निदान तेव्हा मला असं वाटलं. मग दारावरच्या बोर्डवरही ते आलं: ‘सरांची स्वतःची पद्धत’.

आणि एके दिवशी सर आले. गुडघ्याच्या उपचारासाठी ते भाईंदर पूर्वेला लेकीकडे उतरले होते. न कळवता, कठडा धरत दोन मजले चढून आले आणि शेवटच्या बाकावर बसले. आर्थ्रायटिसचाच तास चालू होता. मी थांबलो नाही. त्यांचीच वाक्यं, त्यांचाच विनोद — टॉन्सिल म्हणजे घशातली गाठ, टॉन्सिलायटिस म्हणजे शाळेला सुट्टी. मुली हसल्या. सरही हसले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे.

तास संपल्यावर एकीने विचारलं, “सर, ये अंकल कौन हैं?”

“गांव के हैं. घुटना दिखाने आए हैं.”

सर हाताच्या अंतरावर उभे होते. तिने त्यांना खुर्ची दिली आणि कौतुकाने विचारलं, “अंकल, सर बचपन में भी इतने होशियार थे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळा पुसायला लागलो — पुसलेलाच फळा.

“बहुत,” सर म्हणाले. “सब अपने आप सीखा.”

दारावरचा बोर्ड त्यांनी वाचला होता. ते जिना उतरून गेले. खाली सोडायला मी गेलो नाही. पुढची बॅच येत होती, असं मी स्वतःला सांगितलं.

बोर्ड अजून तसाच आहे.

त्या आठवड्यात मी सरांना सगळं खरं लिहायला बसलो. पाठवलं ते हे:

‘आदरणीय सर, सविनय नमस्कार. आपण क्लासला आलात, फार आनंद झाला. गडबडीत बोलणं झालं नाही. गुडघा शेकत जा. इकडे सर्व ठीक. आपला विद्यार्थी, संजय.’