बावीस ओळी पास

"चल तो रहा है" हे वाक्य कानावर पडलं की अजूनही माझं डोकं तडकतं. झाशीत सगळंच चल तो रहा है. गिझरला हात लावला की झटका बसतो, पण चल तो रहा है. ऑटोचा ब्रेक दोनदा दाबावा लागतो, पण चल तो रहा है. सीपरी बाजारात एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. तिथे मी सहा वर्षं पगार घेऊन हे वाक्य ऐकलं. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. कुणी पाहुणा आला की मालक माझी ओळख करून द्यायचे, "ये मैडम हमारी गलतियाँ निकालती हैं." पाहुणा हसायचा, मालक हसायचे, मी माझ्या पडद्याकडे बघत बसायची.

मी बाबांवर गेले असं कुणी म्हटलं की मला राग यायचा, कारण बाबांसारखं व्हायचं नाही हे मी लहानपणीच ठरवलं होतं. बाबा रेल्वेत गाड्या तपासायचे. नागपूरकडून बदली होऊन आले आणि इथेच रिटायर झाले. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन उतरायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा, आवाज ऐकायचा. ॲक्सलच्या पेटीला हाताची पालथी बाजू लावून गरम लागते का बघायचं. सगळं बरोबर असेल तर गाडी फिट असल्याच्या कागदावर सही करायची, नसेल तर डबा कापून, म्हणजे गाडीतून सोडवून, बाजूला काढायचा. मग गार्ड शिव्या देणार, ड्रायव्हर शिव्या देणार, खिडकीतून डोकं काढून प्रवासी शिव्या देणार. बाबांना त्या शिव्या आवडायच्या असा माझा संशय होता. घरातही तेच. नवीन माठ आला की चारी बाजूंनी वाजवून बघणार. मी पाढे पाठ केले की शेवटचा पाढा उलटा म्हणायला लावणार. आईने भाजी वाढली की आधी ताटाकडे असं रोखून बघणार की घास तोंडात जायच्या आतच तिचा चेहरा उतरायचा. आमच्या घरी कुणी कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

माझ्या नोकरीबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं. "बसून बटणं दाबायची आणि त्याला तपासणी म्हणायचं? हात कशाला लावतेस तू?" मी त्यांना उत्तर देत नसे. उत्तर दिलं की ते आणखी एक प्रश्न विचारत.

कामाची मूळ गोष्ट मला पहिल्या महिन्यातच कळली होती. ज्याने वस्तू बनवली तो ती नेहमी नीट वागवतो, म्हणून त्याच्या हातात ती कधीच बिघडत नाही. तपासणाऱ्याने गलथान माणसासारखं वागायचं. वयाच्या रकान्यात शून्य टाकायचं, मग दीडशे टाकायचं, मग वयाच्या जागी नाव लिहायचं. सेव्हचं बटण दोनदा दाबायचं. छपाई चालू असताना प्लग काढायचा. एक चूक दुरुस्त झाली की जे काल चालत होतं तेही सगळं पुन्हा बघायचं, कारण एक भोक बुजवताना दुसरं पाडण्यात आमचा प्रोग्रामर वाकबगार होता. आणि हे सगळं आधी कागदावर मांडायचं. काय करणार, काय व्हायला हवं, काय झालं, पास की फेल. शेवटी सही.

प्रोग्रामर माझ्याशी भांडायला कायम तयार असायचा. मी फेल लिहिलं की तो खुर्ची मागे ढकलून उठायचा. "दीदी, ऐसा करेगा कौन? मेरे सिस्टम पे तो चल रहा है."

"तो फिर अपना सिस्टम ही उठाके दे आओ ग्राहक को," मी म्हणायची.

आम्ही दोघं एकाच खोलीत आठ तास बसायचो आणि एकमेकांचा चहासुद्धा मागवत नव्हतो.

झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावात एक डॉक्टर रक्त-लघवी तपासायची लॅब काढत होते. कानपूरच्या रस्त्यावर, मंडीच्या जवळ. त्यांच्यासाठी आम्ही रिपोर्ट छापायचं सॉफ्टवेअर बनवलं. पेशंटचं नाव, वय आणि मोबाइल नंबर टाकला की त्याचं खातं उघडणार, त्यात आकडे भरायचे, रिपोर्ट छापायचा. मी तपासायच्या गोष्टींची यादी केली ती बासष्ट ओळींची झाली. सत्तेचाळिसावी ओळ होती: एकच नाव, एकच वय, एकच मोबाइल, पण माणसं दोन. ती मला सुचली कारण शाळेत माझ्या वर्गात एकाच नावाच्या चार मुली होत्या आणि बाई आम्हाला नंबराने हाका मारायच्या. प्रोग्रामरने यादी वाचली आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "मोबाइल भी एक? पति-पत्नी का नाम एक होता है क्या?" मी म्हटलं, वेळ आली की बघू.

वेळ आलीच नाही. डॉक्टरसाहेबांनी पंडितजींकडून मुहूर्त काढला होता. अक्षय्य तृतीया, सकाळी अकरा चाळीस. आमच्याकडे हे नेहमीचंच होतं. सॉफ्टवेअर तयार कधी होईल हे कुणी आम्हाला विचारत नसे, तारीख पंडितजी द्यायचे. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या चाळीस ओळी झाल्या होत्या. त्यातल्या सात फेल होत्या, त्या दुरुस्त करवून घेऊन मी पुन्हा बघितल्या. बावीस राहिल्या. मालक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मैडम, पास लिख दीजिए. शुभ काम है. बाद में आराम से देख लेंगे."

मी नाही म्हटलं. ते गेले आणि परत आले. म्हणाले, डॉक्टरसाहेबांना तपासणीचा कागद हवाय, सहीचा, फाइलला लावायला. मग म्हणाले, घरी वडील आजारी असतात ना तुमचे, तुम्हाला कधी सुट्टीला अडवलंय का मी? प्रोग्रामर पलीकडे बसून गालात हसत होता.

मी काय केलं ते सरळ सांगते. कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात चाळिसाव्या ओळीच्या "पास"वर माउस ठेवला, चौकोनाचा कोपरा पकडला आणि खाली ओढला. बावीस वेळा पास. एक सेकंदसुद्धा लागला नाही. कागद छापला, सही केली, खाली तारीख घातली. भीतीने केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी कंटाळून केलं. सारखं वाईट व्हायचा मला कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी मोठला कॉम्प्युटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, प्रिंटरला हार घातला, दारात नारळ फोडला. पेढे वाटून झाल्यावर काउंटरवर बसणाऱ्या बाईला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याच वयाची असेल. दोन मुलं शाळेत होती आणि नवऱ्याचं काम सुटलेलं. हे तिने न विचारताच सांगितलं होतं, कारण ही नोकरी मिळाल्याचा तिला फार आनंद झाला होता. मी एकदा दाखवलेलं ती दुसऱ्यांदा स्वतः करून बघत होती. इतकी नीट शिकणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. तासाभराने तिने विचारलं,

"दीदी, एक ही नाम की दो आ गईं तो? यहाँ गाँव से आशा बहू चार-चार को साथ लाती है, नंबर सबका अपना ही लिखवाती है. उमर तो कोई जानता नहीं, सब बाईस बोलती हैं."

आशा बहू म्हणजे गावातल्या गरोदर बायकांना तपासणीला घेऊन येणारी सरकारी कार्यकर्ती. माझ्या सत्तेचाळिसाव्या ओळीतली दोन माणसं मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसली. मागे मालक डॉक्टरसाहेबांशी हसत बोलत होते. सहीचा कागद फाइलमध्ये लागलेला होता.

"सब चेक किया हुआ है," मी म्हटलं. वर आवाजात थोडी चीड आणली, म्हणजे तिने पुन्हा विचारू नये.

तिने पुन्हा विचारलं नाही. वहीत लिहून घेतलं.

ऑफिसात परत आल्यावर मी ती ओळ तपासली का? नाही. दुसरं, एका शाळेचं काम आलं होतं. बाद में आराम से हे माझंही वाक्य झालं होतं.

सव्वा महिन्याने एका सकाळी लॅबमध्ये एका गावच्या दोन बायका आल्या. नाव एक. दोघी गरोदर. वय दोघींनी बाईस सांगितलं, आणि आशा बहू म्हणाली, "नंबर हमाओ लिख लो." आमच्या सॉफ्टवेअरने दोघींना एकच बाई मानलं. दुसरीचे आकडे भरले तरी छापताना पहिलीचंच पान पुन्हा निघालं. पहिलीचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, अकराच्या वर होतं. दुसरीचं साडेपाच होतं, पण तिच्याही हातात अकराचा कागद पडला. ती तो घडी करून घरी घेऊन गेली.

आठवड्याने तिच्या पायांना सूज आली, श्वास लागायला लागला, तेव्हा घरच्यांनी तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या नर्सने कागद वाचला आणि मग बोटाने तिची खालची पापणी खाली ओढून बघितली. आत लाल काहीच नव्हतं. नर्सने पुन्हा रक्त काढलं आणि गाडी करून तिला झाशीला पाठवलं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. बाई वाचली, पुढे मूलही नीट झालं. ते त्या नर्समुळे. माझ्या बासष्ट ओळींमुळे नव्हे.

त्या बाईच्या घरचे लोक लॅबवर चालून आले. डॉक्टरसाहेबांनी मालकांना फोन केला. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक छापलेला कागद पुढे सरकवला. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, माहिती भरणाऱ्या ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार झाला. खाली माझ्या सहीची जागा मोकळी होती.

"उसकी नौकरी चली जाएगी," मी म्हटलं.

"तो किसकी जाए, मैडम? आपकी?"

मी पेन टेबलावर ठेवलं आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. आवाज इतका चढला होता की बाहेर प्रोग्रामरचं टाइप करणं थांबलं. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पंडितजींपासून पेढ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. माझं संपल्यावर मालकांनी ड्रॉवरमधून दुसरी फाइल काढली.

"मत कीजिए. ज़रूरत नहीं है. आपका ये है न."

माझा जुना कागद. बासष्ट ओळी, बासष्ट पास. सत्तेचाळिसाव्या ओळीवर त्यांनी पिवळी रेघ मारून ठेवली होती. मॅडमनी हे खास तपासलेलं आहे, म्हणजे चूक काउंटरची. त्याची नक्कल सकाळीच मोठला गेली होती.

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही, आम्ही एकमेकांना काही सांगणाऱ्यांतले नव्हतो. तेव्हा ते बहुतेक वेळ पलंगावरच असत. ते चिडतील, शिव्या देतील, मग मीही चिडेन, एवढीच माझी तयारी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"हात लावला होतास?"

"नाही."

ते भिंतीकडे वळून झोपले. त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा पाठवला आणि मोठची बस धरली. डॉक्टरसाहेबांना मी सगळं सांगितलं, ओढलेल्या माउससकट. त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले की गाववाल्यांसमोर तिला काढून झालंय, आता परत घेतलं तर लोक म्हणतील लॅबच खोटी आहे. मी लिहून देते म्हटलं. ते म्हणाले, तुमचं लिहिलेलं आहे माझ्याकडे.

तिचं घर मंडीच्या मागे होतं. ती दारात गहू पाखडत बसली होती. मला बघून उठली नाही, पण सूप बाजूला ठेवलं. शेजारच्या बायका बघत होत्या. त्यांनीही ऐकलं असणार की लॅबमधल्या हिच्याच चुकीने ती बाई मरायला टेकली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मी ते तपासलंच नव्हतं, खोटं लिहिलं होतं, तिची काही चूक नव्हती. मोठ्याने सांगितलं, शेजारणींना ऐकू जावं म्हणून.

ती आत गेली आणि वही घेऊन आली. मुलाची शाळेची वही, मागची पानं तिने वापरली होती. मी त्या दिवशी शिकवलेलं सगळं क्रमाने लिहिलेलं होतं. शेवटची ओळ तिने बोटाने दाखवली. एक ही नाम की दो आएँ तो, आणि पुढे, दीदी ने चेक किया है.

"पूछा तो था आपसे," ती म्हणाली, आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली.