तीन बेटांचा तक्ता

बसडेपोत सगळे त्यांना कंट्रोलर बाई म्हणत. एकतीस वर्षं त्या काचेच्या खिडकीमागे बसून गाड्या सोडत होत्या. कुठली गाडी किती वाजता निघणार, तिच्यावर कोण चालक, ती परत येऊन किती मिनिटं थांबणार, हे सगळं एका मोठ्या तक्त्यावर पेन्सिलीने मांडायचं, हे त्यांचं काम. शाईने लिहिलेलं वेळापत्रक फक्त साहेबांच्या भिंतीवर शोभतं, असं त्या म्हणत. चालक त्यांना टरकून असत आणि काही अडलं की आधी त्यांच्याच खिडकीशी येत.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून थोरल्या बहिणीचं घर होतं आणि सुट्टीच्या दिवशी त्या तिथेच असत. ताई भूगोलाच्या शिक्षिका. तेहेतीस वर्षं त्यांनी फळ्यावर ज्वालामुखी काढला होता, आतला खडक, वरचं तोंड, बाहेर वाहणारा रस, सगळं रंगीत खडूंनी. एकदा एका मुलीने वर्गात विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाहिलाय का खरा?" ताईंनी नाही म्हणून सांगितलं आणि धडा पुढे नेला. ही गोष्ट त्यांनी घरी हसत हसत सांगितली होती, पण धाकटीच्या ती डोक्यात राहिली.

ताई निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या मुलाने आईला बेटांची सहल द्यायचं ठरवलं. भावोजींना प्रवासाचा कंटाळा. घरातल्या पंख्याखाली जे सुख आहे ते कुठल्याच समुद्रावर नाही, असं सांगून त्यांनी अंग काढून घेतलं. मग ताईंबरोबर मावशीने जायचं ठरलं. भाचा हौसेने एका सहल कंपनीचं पत्रक घेऊन आला. आठ दिवस, पाच बेटं, निळं पाणी, पांढरी वाळू आणि मध्ये एक धुमसता डोंगर.

बाईंनी चष्मा लावला आणि ते पत्रक तपासायला घेतलं. डेपोत नव्या मार्गाचा कागद आला की त्या जशा वाचत, तशाच खालून वर. विमानापासून सुरुवात करून उलट बोटीपर्यंत. पाचव्या दिवसाच्या रकान्यापाशी त्या थांबल्या. बोट नऊ चाळीसला धक्क्याला लागणार आणि अकराला विमान सुटणार. ज्वालामुखीच्या दिवशी तर डोंगरावर पाऊलच ठेवायचं नव्हतं. बोटीच्या डेकवरून वीस मिनिटं दर्शन, मग जेवण.

दुसऱ्या दिवशी त्या भाच्याला घेऊन त्या कंपनीत गेल्या. टेबलामागच्या टापटीप गृहस्थांना त्यांनी विचारलं, बोट उशिरा आली तर काय. बोट उशिरा येत नाही, असं ते गृहस्थ म्हणाले.

"एकतीस वर्षं गाड्या सोडतेय मी," बाई म्हणाल्या. "कधीच उशिरा न येणारी गाडी अजून पाहायची राहिलीय."

गृहस्थांनी हसून पुढच्या पानावरचे फोटो दाखवले. बाई उठल्या.

ताईंचं म्हणणं होतं की एवढं कशाला ताणायचं. उजवा गुडघा चढणीला नाहीच म्हणतो, लांबून तर लांबून दिसेल, आणि लेकाने एवढ्या प्रेमाने आणलंय. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी डेपोतून तक्त्याचा एक कोरा कागद मागून आणला, ताईंच्या जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. "तू बेटांचं सांग," त्या म्हणाल्या, "वेळेचं मी बघते."

पुढचे दोन महिने त्या टेबलावर कोणी धड जेवलं नाही. ताई नकाशे काढून बसत. वारा कुठून येतो, कुठल्या बाजूचा किनारा शांत असतो, वाळू कुठे काळी आणि कुठे पांढरी, हे त्या सांगत आणि बाई पेन्सिलीने चौकटी भरत. ज्या गोष्टीचा भरवसा कमी, ती सहलीच्या सुरुवातीला घालायची, म्हणजे हुकली तरी पुन्हा हात मारता येतो, असा बाईंचा हिशेब. म्हणून डोंगर आधी, समुद्र नंतर. दिवसाची शेवटची बोट त्यांनी कुठेच धरली नाही. आणि परतीचं विमान जिथून सुटतं त्या मोठ्या बेटावर आदल्या दिवशीच पोचायचं, यावर त्या तसूभरही हलल्या नाहीत.

अडलं ते ज्वालामुखीच्या बेटावर, ताई त्याला आगीचं बेट म्हणत. डोंगराच्या काठापर्यंत ताईंना न्यायचं कसं? सगळीकडे एकच उत्तर मिळे, चार तासांची पायवाट. बाईंना मात्र ते पटेना. एवढा मोठा डोंगर आहे, वर काही यंत्रं बसवली असतील, ती बघायला माणसं जात असतील, आणि ती रोज चार तास चालत जात नसणार. एका संध्याकाळी त्यांना त्या बेटाच्या बसस्थानकाच्या वेळापत्रकाचा फोटो मिळाला. खाली बारीक अक्षरात फोन नंबर होता.

त्यांनी डेपोतून, मधल्या सुट्टीत फोन लावला. चार दिवस कोणी उचलला नाही. पाचव्या दिवशी एका पुरुषाने उचलला. दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं. पर्यटकांच्या चौकशीला तो गृहस्थ कंटाळलेला असावा, कारण त्याने लगेच दुसरा कुठलातरी नंबर सांगायला सुरुवात केली. बाईंनी त्याला थांबवलं आणि सांगितलं, मी पर्यटक नंतर, आधी बस कंट्रोलर आहे.

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मीही."

त्यानंतर वीस मिनिटं बोलणं चाललं. वेळापत्रकातली दहाची गाडी गेली दोन वर्षं फक्त कागदावरच धावते, असं त्याने सांगितलं. पण सकाळी सहाला एक छोटी बस डोंगरावरच्या भूकंप मोजणाऱ्या केंद्रातल्या माणसांना घेऊन मागच्या रस्त्याने वर जाते. तिचं नाव कुठल्याच फलकावर नाही. बाहेरच्यांना मनाई नाही, फक्त कोणाला ठाऊक नाही. तिथून काठ शंभर पायऱ्यांवर. केंद्राच्या लोकांशी मी बोलून ठेवतो, तो म्हणाला. आणि तुम्ही किती दिवस राहणार?

दोन, असं बाईंनी सांगितलं.

चार राहा, तो म्हणाला. विषारी वाफ वाढली की रस्ता बंद होतो, आणि पाचातले तीन दिवस ती वाढलेलीच असते.

बाईंनी घरी येऊन रबराने दोन बेटं पुसली. भाच्याचा चेहरा उतरला. एवढं लांब जाऊन तीनच बेटं, लोक काय म्हणतील, असं त्याचं चाललं होतं. बाईंनी त्याला समजावलं नाही, फक्त तक्ता त्याच्याकडे सरकवला आणि यात कुठे धाप लागतेय ते दाखव म्हणाल्या. त्याने बराच वेळ शोधलं आणि मग तिकिटं काढायला घेतली.

मोठ्या बेटावरून बोटीने आगीच्या बेटावर त्या उतरल्या तेव्हा ऊन कलत होतं. सामान विश्रामगृहात टाकून बाई आधी बसस्थानकावर गेल्या. खिडकीमागे साठीच्या आसपासचा एक किडकिडीत माणूस बसला होता. मागे किल्ल्यांचा फळा, पुढ्यात पेन्सिल. आवाज ऐकताच त्याने ओळखलं. त्याने दोघींना आत बोलावलं, कॉफी दिली आणि आपला तक्ता अभिमानाने समोर धरला. बाईंनी दोन मिनिटं पाहिलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. पावणेबाराला दोन गाड्या समोरासमोरून एकाच अरुंद पुलावर येत होत्या. तो खळखळून हसला. त्यातली एक कायम उशिरा येते, त्यामुळे आजवर काही झालं नाही, असं त्याने सांगितलं. बाईंना हे इतकं पटलं की त्याही हसल्या. ताईंना त्यातलं काही कळलं नाही, पण धाकटीला असं हसताना त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रस्ता बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. डोंगर ढगात पूर्ण बुडालेला, आणि विश्रामगृहातली मंडळी बॅगा भरून हिरमुसून बोटीकडे निघालेली. ताई व्हरांड्यात बसून होत्या. नाही दिसला तर नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा बाई एवढंच बोलल्या, "ताई, उद्याचा दिवस याचसाठी ठेवलाय. तो वाया गेला की मग बोलू."

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला विश्रामगृहाचा फोन वाजला. गाडी जातेय, एवढाच निरोप होता.

बसमध्ये केंद्राचे पाच जण आणि या दोघी. रस्ता काळ्या, भाजलेल्या दगडांतून वर चढत होता. झाडं आधी खुजी झाली, मग संपली. पायऱ्या शंभर नव्हत्या, एकशे बासष्ट होत्या. त्या माणसाने बहुधा कधी मोजल्याच नव्हत्या, आणि आपण खात्री करून घेतली नाही याचा बाईंना मनातून राग आला. ताईंनी एक हात कठड्यावर आणि दुसरा बहिणीच्या खांद्यावर ठेवला. सहा ठिकाणी थांबल्या. घाईचं काही कारण नव्हतं, बस अकरापर्यंत खाली उतरणार नव्हती.

काठावर जमीन चपलेतूनही कोमट लागत होती. काडी विझवल्यावर येतो तसा वास भरून राहिला होता. खाली, खूप खाली, काळी साय धरलेलं एक तळं होतं, आणि ती साय मधूनच तडकून आतली लाल रेघ दिसे. ती सरके, वाकडी होई, मिटे. कोणीतरी तळघरात लोखंडी कपाटं ओढत असावं असा आवाज येत होता.

ताई त्या रेघेच्या मागे नजर फिरवत राहिल्या. मग त्यांनी हात वर केला आणि वर्गातल्या आवाजात सांगायला सुरुवात केली. ही साय म्हणजे वरचा थर थंड होतोय, ती बघ ती फट, तिथून गरम रस वर येतोय आणि कडेने पुन्हा खाली जातोय, उकळत्या दुधासारखं चक्र आहे ते. केंद्रातले दोघं जवळ येऊन उभे राहिले. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण हाताच्या खुणांवरून काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यातल्या एकाने मान डोलावली आणि तळ्याच्या डाव्या कडेकडे बोट दाखवलं. तिथे नवी फट उघडत होती. ताईंनी तिकडे पाहिलं आणि बोलता बोलता थांबल्या. डोळे पुसून म्हणाल्या, वाफेने झोंबतंय. बाईंनी त्यांना पाण्याची बाटली दिली.

तिसरं बेट नुसतं वाळू आणि पाणी होतं. तिथल्या तीन दिवसांच्या चौकटी बाईंनी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या, पण पहिल्या दिवशी त्यांना चैन पडेना. येणाऱ्याजाणाऱ्या बोटी किती वाजता हलतात ते त्यांनी संध्याकाळपर्यंत लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यांना हाताला धरून कमरेएवढ्या पाण्यात नेलं. आधी त्या ताठ उभ्या राहिल्या, मग एका लाटेने त्यांना खाली बसवलं आणि त्या तिथेच बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या वाळूवर गाढ झोपल्या आणि पाठ भाजून घेतली.

परतीची बोट पाच तास उशिरा आली. त्याच बोटीची वाट पाहणारा एक मोठा घोळका धक्क्यावर हवालदिल झाला होता. त्यांचं विमान संध्याकाळी होतं आणि ते चुकणार हे आता दिसत होतं. या दोघींचं विमान दुसऱ्या दिवशीचं. बाईंनी आधी काही लोकांना मोठ्या बेटावरच्या विश्रामगृहाचा नंबर दिला, एका घाबरलेल्या बाईला विमान कंपनीशी काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलं, आणि मग ताईंशेजारी सावलीत जाऊन बसल्या.

भाचा विमानतळावर गाडी घेऊन उभा होता. कसं झालं, असं त्याने विचारलं आणि ताई सुरू झाल्या. साय, फट, लाल रेघ, पुलावरच्या दोन गाड्या, सगळं एकदमच. आरशात पाहत त्याने मावशीला काहीतरी विचारलं, पण मागच्या सीटवर भाजलेली पाठ सांभाळत एका कुशीवर कलंडलेल्या बाई केव्हाच झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांची ड्यूटी होती आणि त्या वेळेवर हजर झाल्या.