पत्ता कापलेल्या बातम्या

छत्तीसगड हे नवं राज्य झालं त्यानंतरची दोन-तीन वर्षं रायपुरात कुठलीच पाटी खरी धरता येत नसे. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरायचं. एखाद्या कार्यालयाचा पत्ता विचारला तर तीन माणसं तीन दिशा दाखवायची आणि तिघंही बरोबर असायची, कारण ते कार्यालय वर्षभरात तीन ठिकाणी हललेलं असायचं. अशा दिवसांत मी राज्य सेवेच्या परीक्षेला बसायचं ठरवलं.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. आम्ही बूढापाऱ्यात राहायचो. नवरा सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात शिफ्टमध्ये होता आणि मी खासगी शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेनं एक वर्षाची बिनपगारी रजा दिली. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं, एकच वर्ष, नंतर जागा भरू. घरातही तेच ठरलं. एक वर्ष, एक परीक्षा. निघाले तर अधिकारी, नाही तर जूनमध्ये परत खडू.

इतिहास आणि संविधान पुस्तकातून पाठ करता येतं, गणित मला आधीपासून सोपं जायचं. अडचण होती चालू घडामोडींची. सगळे परीक्षार्थी त्याला करंट म्हणायचे. नव्या राज्याच्या करंटचं पुस्तकच नव्हतं. घराजवळच्या दुकानात एक गाइड मिळालं, त्याच्यावर नव्या राज्याचं नाव छापलेलं होतं. घरी येऊन उघडलं तर आत जिल्हे, नद्या, मंत्री सगळं भोपाळचं, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशाचं. परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, "मैडम, राज्य ही नया है, तो अंदर का माल पुराना ही आएगा न." गाइड घेऊन परत आले.

तेव्हा माझे सासरे पुढे आले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, सासूबाई जाऊन चार. दिवसभर पेपर वाचणं आणि दुपारी तलावापर्यंत चालून येणं, एवढाच त्यांचा उद्योग. एका सकाळी ते कात्री आणि दोन जाड रजिस्टरं घेऊन माझ्यासमोर बसले.

"तू इतिहास पाहा. करंट मी पाहीन."

"बाबा, तुम्हाला त्रास होईल."

"मले कायचा त्रास? पेपर मी वाचतोच. आता कात्री हातात घेऊन वाचीन."

घरात तीन पेपर यायचे. एक रायपूरचा हिंदी. एक नागपूरचा मराठी, तो गाडीनं दुपारपर्यंत पोचायचा. गावाकडं कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं हे कळावं म्हणून बाबांनी तो तीस वर्षं बंद केला नव्हता. तिसरा भोपाळचा. समोरच्या घरात भोपाळहून बदलून आलेले एक इंजिनिअर राहायचे, ते आपले वाचून झालेले पेपर गठ्ठ्यानं देऊन टाकायचे.

बाबांचं काम देखणं होतं. विषयवार पानं पाडली: शेती, आरोग्य, सिंचन, नेमणुका, पुरस्कार. कात्रण पट्टीला धरून कापायचे, खळीनं चिकटवायचे, वरून फडकं फिरवायचे. मराठी पेपरमधल्या कामाच्या बातम्या ते स्वतः हिंदीत उतरवायचे, कारण परीक्षा हिंदीत. त्यांचं अक्षर पार्सल ऑफिसातलं, सरळ आणि टपोरं. बातमी सुरू होताना गावाचं नाव आणि तारीख असते, ती ओळ ते कापून टाकायचे. ती ठेवली तर कात्रण चौकोनी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मलाही रजिस्टर नीटनेटकं आवडायचं. मी कापू दिलं.

आठ महिने मी ती रजिस्टरं वाचली. रोज दुपारी वीस पानं. जवळजवळ पाठ झाली होती.

पूर्वपरीक्षेला तीन आठवडे राहिले असताना एका दुपारी ब्राह्मणपाऱ्यात मैत्रिणीकडं गेले. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, इथलीच, छत्तीसगढी घरातली. आठवड्यातून दोनदा आम्ही एकमेकींना प्रश्न विचारायचो. त्या दिवशी तिनं विचारलं, सिंचनातली नवी योजना सांग. मी धाडधाड सांगितली. गावतळी खोल करायची, गाळ शेतकऱ्यांनी फुकट न्यायचा, सुरुवात कोणत्या दोन तहसिलींतून झाली तेही.

तिनं वहीतून मान वर केली. "दीदी, ये कब आया?"

"आया है. मेरे पास लिखा हुआ है."

"किधर शुरू हुआ बोलीं?"

"गोंदिया और तुमसर."

तिनं वही मिटली. मग अगदी हळू म्हणाली, "दीदी, गोंदिया अपने में है क्या?"

मी भूगोल शिकवणारी बाई. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला उत्तर येत नव्हतं. आमच्या घरातला नकाशा राज्यांचा नव्हताच, तो रेल्वेचा होता. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, तुमसर, भंडारा, नागपूर. वर्षातून चार वेळा त्या रुळावरून जाणं, गोंदियाला चहा, तुमसरला मावससासू. मधे कुठे राज्य बदलतं हे शाळेत मी मुलांना शिकवलं होतं, घरात कधी लक्षात घेतलं नव्हतं. बाबांनी ती बातमी मराठीतून उतरवली, त्यांनाही गोंदिया परकं वाटलं नाही, आणि वाचताना मलाही नाही.

"महाराष्ट्र में है," मी म्हटलं.

"हव," ती मान हलवत म्हणाली. पुढचा प्रश्न तिनं विचारला नाही.

घरी येऊन रजिस्टरं उघडली. आधी वाटलं, दोन-चार पानांचा घोळ असेल. पण कुठल्याही पानावर बोट ठेवलं तरी खात्री वाटेना. आरोग्यमंत्र्यांनी उद्घाटन केलं, पण कोणत्या आरोग्यमंत्र्यांनी? राज्य शासनाचा निर्णय, पण कोणत्या शासनाचा? भोपाळचा पेपरही हिंदी, रायपूरचाही हिंदी, आणि दोन्हीकडं नावं सारखीच. वाचत गेले तसं जे नक्की माहीत होतं तेही हलायला लागलं. बारासिंगा आपला राज्यप्राणी की रानम्हैस, यावर मी स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभी राहिले. शेवटी सरकारी कॅलेंडर पाहिलं. रानम्हैस होती.

नवरा सकाळच्या शिफ्टहून आला होता, अंगावरची काळी धूळ धुऊन जेवायला बसला. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसायला लागला.

"जिंदगीभर पार्सलवर कुठून कुठे लिहिणारा माणूस, आणि घरच्या पार्सलचं लेबलच काढून टाकलं."

"तुम्हाला हसू येतं. तीन आठवडे राहिले."

"मग बाबांना विचार. त्यांनाच माहीत."

"विचारलं तर त्यांना लागेल."

"नाही विचारलं तर तुझं वर्ष जाईल. कोणतं परवडतं बघ."

बोलणं व्यवहाराचं होतं, म्हणून मला पटलं. मी रजिस्टर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. बाबा पेपर कापतच होते.

"बाबा, यातली इथली कोणती आणि भोपाळची कोणती, सांगता येईल का?"

"काहून? बातमी खोटी आहे का?"

"खोटी नाही. पण आपली नाही. हे गोंदियाचं आहे."

"गोंदियाचं असलं म्हणून काय झालं? गोंदिया काय लंडनले आहे?"

"परीक्षा छत्तीसगडची आहे, बाबा."

त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सुरुवातीपासून पाहायला लागले. मला वाटलं, आता चिडतील किंवा उठून जातील. ते म्हणाले, "फडकं ओलं करून आण."

त्यांचं डोकं माझ्यापेक्षा आधी चाललं. कात्रणाच्या पुढच्या बाजूचा पत्ता त्यांनी कापला होता, पण मागच्या बाजूला जाहिराती होत्या. ओलं फडकं ठेवायचं, खळ सुटली की कात्रण हळूच उचलायचं, उलटं करून वाचायचं. रायपूरच्या सदर बाजारातला सराफ निघाला की ते आमचं. भोपाळचा साडीवाला निघाला की बाहेर. फोन नंबर असेल तर कोडवरून लगेच कळायचं. पण प्रत्येक वेळी सोपं नव्हतं. एकावर "तालाब किनारे प्लॉट" एवढंच होतं. तलाव आपल्याकडंही आणि भोपाळलाही. एकावर मूळव्याधीचं औषध, ते तर सगळीकडं. एकावर नुसतं अर्धं शब्दकोडं. अशी कात्रणं पलंगावर वेगळी ठेवली आणि तो ढीग दोन्ही ढिगांपेक्षा मोठा होत गेला. नवरा सुट्टीच्या दिवशी मदतीला बसला आणि दर पाच मिनिटांनी विचारायचा, "हे दाताचे डॉक्टर कुठले?" चार दिवस आमच्या घरात वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या बातम्या पसरल्या होत्या.

पण बाबांनी हातानं उतरवलेल्या पानांना मागची बाजू नव्हती. तिथं फक्त त्यांची आठवण. नागपूरचा पेपर छत्तीसगडच्याही बातम्या द्यायचा, त्यामुळं सगळीच पानं महाराष्ट्राची होती असंही नाही.

"हे आपलंच," ते एका पानावर बोट ठेवून म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. म्हणजे... वाटून राहिलं."

"वाटून चालणार नाही, बाबा."

मला माझा आवाज कोरडा वाटला, पण दुसरा आवाज काढायला वेळ नव्हता. पानं साठ-पासष्ट होती. प्रत्येक ओळ तपासायला साधन नव्हतं, आणि त्यातली अर्धी चूक असेल तर उरलेली बरोबर पानंही डोक्यात घोळच घालणार. मी ठरवलं, सगळ्यांवर काट मारायची. बाबांना कसं सांगावं हे ठरत नव्हतं, तोवर त्यांनीच पेन्सिल माझ्यापुढं सरकवली.

"तू काट. मी काटीन तर भलतंच काटीन."

मी काटली. प्रत्येक पानावर एक तिरपी रेघ. ते शेजारी बसून पाहत होते, आणि एका पानावर माझी रेघ वाकडी गेली तेव्हा त्यांनी पट्टी पुढं केली.

राहिलेल्या दोन आठवड्यांत मी मैत्रिणीच्या वह्या उतरवून घेतल्या आणि परीक्षेला बसले. पेपर अवघडही वाटला नाही, सोपाही नाही. कशावर विश्वास ठेवायचा तेच कळत नव्हतं. अंगणवाड्यांबद्दल एक प्रश्न होता. चार पर्याय. दुसरा पर्याय वाचताक्षणी मला पान दिसलं, डाव्या बाजूचं, खालच्या कोपऱ्यात बाबांच्या टपोऱ्या अक्षरात नेमकं तेच वाक्य. आणि त्यावरून गेलेली माझी रेघ. आता हे काटलेलं चूक होतं म्हणून काटलं, की माहीत नव्हतं म्हणून काटलं? मी तिसरा पर्याय भरला. असे प्रश्न पाच-सहा आले. एकदा दुसरा भरला, एकदा तिसरा, एक सोडून दिला. बाहेर आल्यावर मैत्रिणीला उत्तरं विचारली नाहीत.

निकाल पेपरात आला. मैत्रिणीचा नंबर होता, माझा नव्हता. यादी मी दोनदा पाहिली, मग बाबांनी पट्टी लावून ओळीनं पाहिली. तेव्हा गुण कुणाला कळवत नसत. कुठे गेलं, किती कमी पडलं, काही कळायला मार्ग नव्हता. आजही नाही. त्या पाच-सहा प्रश्नांनी मला पाडलं, की त्यांचा काही संबंधच नव्हता, हे मी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. हिशेब जुळत नाही.

मी शाळेत फोन करून सांगितलं, जूनमध्ये येते. मग पानं वाढायला घेतली. बाबा ताटावर बसले, पण भाताला हात लावला नाही.

"माह्या पानांनी गेलं का?"

"नाही. गणितानं गेलं."

"नक्की?"

"नक्की. गणिताचे प्रश्न बरेच सुटले नाहीत."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मी वरणाचं भांडं पुढं केलं.

"मग त्यात माहा काही इलाज नाही," ते म्हणाले. "गणित मले कधीच आलं नाही." आणि जेवायला लागले.