मेणबत्ती किती लांब

माझी मधली लेक खोकतच मोठी झाली. खाल्लेलं अंगी लागायचं नाही, आणि तिचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. आमच्या मानोरा गावात ज्याला त्याला वाटायचं, हिला क्षय आहे. सुया टोचून टोचून पोरीची चाळणी झाली, पण खोकला काही हटला नाही. शेजारीण एकदा म्हणाली, "पोरगी हातची गेली वं बाई." मी म्हटलं, "गेली अशीन त तुह्या घरी आली का पाह्य." माझी जीभ अशीच. मग पोळ्यापर्यंत आमचं बोलणं बंद होतं.

सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात रोगाचं नाव मी फार वर्षांनी पेपरात वाचलं. त्यात खारट घामाचं लिहिलेलं दिसलं आणि ताडकन उठून बसले. पण सत्तरनंतरच्या त्या सालांत आमच्याकडे ते कोणाला ठाऊक असायचं? दिसत होतं एवढंच, की पोरीचा दम कमी होत चाललाय.

म्हणून तिला अकोल्याला एका छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. श्वास मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी टेबलावर मोजपट्टी ठेवली, पट्टीलगत मेणबत्ती पेटवून उभी केली आणि पोरीला सांगितलं, तोंड उघडं ठेवून फुंकर मार. जितक्या लांबची ज्योत विझेल, तितका दम. पोरगी नुसती बघत बसली. डॉक्टरांनी मेणबत्ती जवळ आणली, आणखी जवळ आणली. तिनं हात जोडले आणि मान खाली घातली. डॉक्टरांना वाटलं, पोर थकली. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "फुप्फुसात काही उरलं नाही, बाई. घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला."

मला रडण्याआधी राग येतो. मी पोरीचा दंड धरला.

"काहून फुकत नाई वं?"

"तूच त म्हनतं, मेनबत्ती तोंडानं फुकू नाई."

आम्ही बौद्ध. घरात उजेडाला कंदील, मेणबत्ती फक्त बुद्धाच्या फोटोपुढं, वंदनेला. ती फुंकून विझवायची नाही ही शिस्त मीच लावलेली, धपाटे घालून. दुसऱ्या कामाची मेणबत्ती पोरीनं जन्मात पाहिली नव्हती. मला तिथंच हसू फुटलं. डॉक्टरांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

"साहेब, पोरीत दम हाय. मीच तिले फुकू नाई म्हनून सांगतलं." मग पोरीकडे वळले. "हे वंदनेची नोहे, दवाखान्याची हाय. फुक."

तिनं फुंकलं. ज्योत गेली. मेणबत्ती मागं सरकली, तरी गेली. डॉक्टर ओशाळून हसले, आणि घरी न्या म्हणणारा माणूस औषध लिहायला बसला. पोरीला पालथं झोपवून पाठ थापटायची म्हणजे कफ सुटतो, हेही त्यांनी शिकवलं. दर महिन्याला आणा म्हणाले.

मी आणत राहिले. पाठ थापटण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे आजही छाती ठोकून सांगते. बऱ्या महिन्यात ज्योत लांबूनही जायची आणि आम्ही मायलेकी एसटी स्टँडवर भजी खाऊन परतायचो. पण हिवाळा आला की मेणबत्ती पुढं यायची, आणि उन्हाळ्यात ती पुरती मागं जायची नाही. हे डॉक्टरांआधी मला दिसायचं. लेक हातून जाऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

ती दहावीत गेली त्या हिवाळ्यात फार आजारी पडून उठली होती. नेहमीच्या जागेवरची ज्योत विझेना. डॉक्टर माझी नजर चुकवून मेणबत्ती बोटानं पुढं सरकवू लागले. मला दिसत होतं. मनात म्हटलं, सरकव बाबा, आणखी सरकव.

लेकीनं त्यांचा हात धरला. "मांगंच ठेवा साहेब. मले खरं पाह्यजे."

त्यांनी ठेवली. तिनं सगळा जीव एकवटून फुंकलं. ज्योत वाकली आणि पुन्हा सरळ झाली. माझ्या डोळ्यांना धार लागली, काही केल्या थांबेना. लेक दम खात माझ्याकडे वळली.

"काहून रडतं वं माय? वाकली न थे."