आईला नांदेडला हलवायचं ठरलं तो दिवस

माझी बायको लातूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लग्नकार्यात पाहुणे तिला कोपऱ्यात गाठून दुखणीखुपणी सांगतात, ती म्हणते, "आमच्याकडं या की." सगळे "हाव, हाव" म्हणतात आणि सोमवारी खाजगीत जातात. मीही साधा दात दुखला तर खाजगीतच जातो. सरकारी रांगेत ओळखीचं कुणी भेटेल अशी लाज वाटते.

पण अहमदपूरहून आईला आणलं तेव्हा ती मासा पाण्याबाहेर काढल्यासारखी श्वास घेत होती. निमोनिया होता. लाज बाजूला राहिली. बायको ड्युटीवर होती म्हणून तिच्याच वॉर्डात दाखल केलं.

वॉर्ड गच्च भरलेला. खाटांच्या मध्ये खाली गाद्या. आईच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटाला चिमटा, चिमट्याची वायर उशाच्या मशीनला. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या वर पाहिजे, एवढंच मला कळलेलं. मी त्याच्याकडं असा बघत बसलो की नजर हलवली तर तो पडेल. बायको मात्र सगळ्या वॉर्डाची. इंजेक्शनचा ट्रे घेऊन पुढं गेली की मला वाटायचं, अगं, ही तुझी सासू आहे! ती येऊन आकडा बघायची, "हं" म्हणायची अन् पुढच्या खाटेला. त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझी अर्धी सकाळ गेली.

दुपारी नांदेडहून दादा आला तो ॲम्ब्युलन्स घेऊनच. माझा थोरला भाऊ. "खाली माणसं झोपल्यात बे! इथं ठेवतो व्हय आईला? नांदेडला मोठ्या खाजगी दवाखान्यात बोलून ठेवलंय."

"डॉक्टर म्हणलेत आकडा टिकला तर संध्याकाळी बघू," मी म्हणालो.

"किती हाय आता?"

मी मशीनकडं बघितलं. शहाण्णव! सकाळपासून एवढा झाला नव्हता. मी क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं मोठ्यानं सांगितलं. आईच्या उशाला अहमदपूरची मावशी डबा मांडीवर घेऊन, अंगभर पदर ओढून बसली होती. तिनं देवाला सांगावं तसं डोळे मिटले.

"मग? रस्ता सोसंल की," दादा म्हणाला.

डॉक्टर तिकडं अपघाताच्या पेशंटजवळ अडकलेले. आमच्या जबाबदारीवर नेतो म्हणून दादानं सही केली. तेवढ्यात बायको येऊन उभी राहिली. सकाळीच तिनं आईला घेऊन निघालेल्या एका अनोळखी पोराला दरडावलं होतं, "हलवू नको, वाटंत जीव जाईल आईचा." आता ती थोरल्या दिरासमोर गप्प. फक्त माझ्याकडं बघितलं. मी? मी दादाकडं बघितलं. आमच्या घरात निर्णय असाच वर वर सरकत जातो.

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. आईचा मास्क काढला, तिघांनी तिला उचललं. आईनं डोळेही उघडले नाहीत. मशीन मात्र शहाण्णव दाखवत होतं.

आई स्ट्रेचरवर. मशीन उशाला. मग वायर कुठं गेली?

वायर मावशीच्या पदरात गेली होती.

"अगं मावशे!"

"माझंबी बघावं म्हणलं," मावशी घाबरून बोट पुढं करत म्हणाली. "चढ चढले की मला दम लागतो रे."

बायकोनं चिमटा ओढून आईच्या बोटाला लावला. आकडा दिसायला वेळ लागला. अठ्ठ्याहत्तर. आईचे ओठ सावळे पडले होते. बायकोनं मास्क चढवला, आईला परत खाटेवर घेतलं, ओरडून दुसऱ्या सिस्टरला बोलावलं, डॉक्टर धावत आले. इतक्या वर्षांत मी तिला मदतीला कुणाला हाक मारताना ऐकलं नव्हतं आणि तेव्हा मी खरा घाबरलो.

दादा माझ्या बायकोकडं वळला. "तूच सांग, नेऊ का नको?"

"दादा, खोटं न्हाई सांगत. तिथं एका नर्सकडं थोडे पेशंट, इथं आम्ही दोघी अन् सगळा वॉर्ड. मला भ्या वाटायलंय. पण रस्त्यात तर कुणीच न्हाई. आज हलवू नका."

दादानं ॲम्ब्युलन्स माघारी धाडली.

नंतर मी हळूच विचारलं, "आधीच का नाही बोललीस?"

"दुसऱ्याच्या आईला काय झालं तर लोक सिस्टरला शिव्या देतील," ती म्हणाली. "तुमच्या आईला झालं असतं तर जन्मभर म्हणले असते, हिनंच अडवलं. तुम्हीबी."



ड्युटी संपली तरी ती घरी गेली नाही. दिवेलागणीला आकडा नव्वदला आला, खाली गेला, परत आला. डॉक्टर म्हणाले, "आता आकडा टिकला म्हणायला हरकत नाही." एवढा वेळ तोंडाला पदर लावून बसलेली मावशी हळूच म्हणाली, "म्हणजे माझं शहाण्णव चांगलंच हाय म्हणायचं?"

दादा हसायला लागला. हसता हसता भिंतीकडं तोंड केलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. बायको मावशीला म्हणाली, "हाव मावशी, तुमचं लई चांगलं हाय," आणि आईच्या बोटाचा चिमटा नीट बसवून पुन्हा आकडा बघत उभी राहिली.