रोकोचं अळणी ताट

पाग बेटावर क्रशेवानइतकं मीठ कुणाला कळत नाही, असं तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. मिठागरातलं पाणी जिभेवर टेकवून मीठ कधी धरेल ते तो सांगे, आणि ते खरंही व्हायचं.

बायको मांदा पलीकडच्या डोंगरातली. रोको झाला तेव्हा तिने त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि तिचा चेहराच उतरला.

"पोर खारट लागतंय रे."

"मिठागरवाल्याचं आहे. मधात बुडवून काढू का?"

"हसू नकोस. कपाळ खारट असलेलं पोर टिकत नाही म्हणतात आमच्याकडे."

"तुमच्याकडे समुद्र नाही, म्हणून असलं काहीतरी सुचतं."

पण रोकोच्या अंगी खाल्लेलं लागेना, खोकला हटेना. तो दोन वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात मिठागर बंद होतं. मांदाने त्याला पावसाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. "आता तू तोंड धू, आणि घे मुका," ती नवऱ्याला म्हणाली. क्रशेवानने घेतला. कपाळ तरीही खारटच. हे मीठ समुद्राचं नव्हतं, पोराच्या आतून येत होतं.

तो हादरला. पण भ्यायला तरी स्वतःचं शहाणपण सोडील तर तो क्रशेवान कसला!

"अंगात मीठ जास्त झालंय. उद्यापासून याला सगळं अळणी. मिठातलं मला कुणी शिकवू नये."

मेंढीचं चीज बंद झालं, माशाचं कालवण वेगळं शिजू लागलं. रोको ताट ढकलून द्यायचा. बाप मिठागरातून आला की धावत जाऊन त्याचे हात चाटायचा. क्रशेवान हात मागे घ्यायचा.

ऑगस्टच्या उन्हात रोकोने मान टाकली. बोटीने झादरच्या इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"घाम बाहेर पडताना कातडीतल्या पेशी त्यातलं मीठ परत आत ओढतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या मिठागरातलं मीठ ऊन फुकट काढून देतं. पेशींना त्यासाठी अन्नातली ताकद जाळून पंप चालवावा लागतो. याच्या पेशी धडपडत होत्या, पण मिठाची वाटच बंद होती. का, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही. सगळं मीठ घामातून गेलं."

"म्हणजे जास्त नव्हतं?"

"कमी पडलं. उन्हाळ्यात वरून द्यायला हवं होतं."

"दिलं असतं तर?"

"छातीचं दुखणं होतंच. पण या उन्हाने गेला नसता."

बोट परत बेटाला लागली. धक्क्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना त्या वर्षीच्या मिठाचे ढीग होते. घरी क्रशेवान उंबऱ्यातच बसला, हात मांडीवर टाकून.

"तुझे हात चाटायचा," मांदा म्हणाली. "त्याला कळत होतं."