निळा न झालेला कागद

मेथीची पानं बुडवलेल्या पाण्याचा एक थेंब चाचणीच्या पट्टीवर टाकायचा, पट्टी दुमडायची आणि तीन मिनिटं बोटांच्या उबेत धरायची. त्या कागदावर एक नाजूक जैविक रस लावलेला असतो. भाजी स्वच्छ असली तर कागद निळा होतो. कीटकनाशकाचा अंश असला तर तो रस मरून जातो आणि कागद पांढराच राहतो.

आज तो पांढराच राहिला.

आमच्या रानात चार वर्षं शेणखत आणि जीवामृताखेरीज काही पडलेलं नाही. पण बांधापलीकडे पोपटभाऊंची द्राक्षबाग आहे. यंदा ढग हटायला तयार नाहीत, कीड वाढतेच आहे, मग त्यांना दिवसाआड फवारावं लागतं. माणूस भला आहे, फवारायच्या आधी हाक मारून सांगतात. सांगून मी काय करणार? वारा काही बांध बघून वाहत नाही. आडोशाला मक्याची दाट रांग लावली, तर तीही त्याच वाऱ्यात डुलते. पट्टी खरं तेवढं सांगते, पुढे काय करायचं ते सांगत नाही.

तेवढ्यात पोपटभाऊच पिशवी घेऊन बांधावर आले.

"वहिनी, दोन जुड्या द्या. लेक बाळंतपणाला आलीय. म्हणते, भाजी काकूंच्याच शेतातली आणा, त्यांच्याकडे औषध नसतं."

पट्टी माझ्या मुठीतच होती. उशिरा का होईना, निळी होईल म्हणून मी ती आणखी घट्ट धरली.